दुरुस्ती फुकट

तहसील कचेरीसमोर माझं दुकान,
सहा बाय आठ, एक संगणक, एक झेरॉक्स,
आणि भिंतीवर माझ्याच हाताची पाटी:
मराठी टायपिंग पान वीस रुपये. दुरुस्ती फुकट.

फादर कायतान चपला बाहेर काढतात,
नको म्हटलं तरी,
आणि फळीवर ठेवतात वहीची फाडलेली पानं.
अक्षर जुन्या शाळेचं,
ल आणि श पाय दुमडून बसलेले.
खोडाखोड इतकी, की कधी कधी
मी खोडलेलंच आधी वाचते.

गुत्त्याविरुद्धच्या निवेदनात
'निषेध' खोडून 'विनंती' केलं होतं,
मग 'विनंती' खोडून परत 'निषेध'.
ट्रॉलरवरून पडलेल्या खलाशाच्या वेळी
(दलबीर रोकाया, वय अंदाजे एकोणीस)
'अंदाजे' खोडलेलं. समासात बारीक लिहिलेलं:
आईशी फोनवर बोललो. वीस पूर्ण.

चर्चमधल्या सगळ्यांना हे पटत नाही.
मीस म्हणा, बाप्तिस्मा द्या, मेलेल्याला पुरा,
कचेरीत पाद्र्याचं काय काम,
असं पेद्रू मास्तर माझ्याच दुकानात
आधार कार्डाच्या रांगेत बोलले.
फादर मागेच उभे होते.
म्हणाले, मास्तरांनू, मेलेल्याक पुरूचा,
तर तो मेलो कसो, ता इचारूक नको?
मास्तरांनी कार्ड लॅमिनेट करून घेतलं
आणि सुटे पैसे न घेताच गेले.

या वेळी वाळू.
खाडीत रात्री पंप लागतात,
सकाळी विहिरीचं पाणी चहाला चालत नाही.
अकरा रात्री फादर पुलावर उभे राहिले,
टॉर्च, थर्मास आणि शाळेची हजेरीवही घेऊन.
डंपरचे नंबर मांडले, हजर मुलांसारखे.
चव्वेचाळीस.

एकोणतिसावा मी वाचायच्या आधीच ओळखला.
तो आमच्या मागीलदारी फणसाखाली उभा असतो,
पुढच्या काचेवर माझ्या लेकीचं नाव,
रेडियमच्या अक्षरांत.
अजून बावीस हप्ते.

बोटांनी केलं ते. मी बघत होते.
सातच्या जागी एक.

फादर छापलेलं पान वाचतात ते नाकाला लावून,
चष्मा कपाळावर सारून.
एकोणतिसाव्याशी थांबले.
बाहेर कट्ट्याची सहा आसनी भरत होती,
पोरगा ओरडत होता, एकच सीट, एकच सीट.
"ह्यो बरोबर असा मा गो, बाय?"
होय, म्हटलं.

खिशातली हजेरीवही त्यांनी काढली नाही.
पेन काढलं.
सहीच्या वर उरलेल्या जागेत
उभ्या उभ्याच लिहिलं:
आमच्या चर्चच्या नव्या सभागृहाच्या पायात
याच खाडीची वाळू आहे. चौदा ब्रास. पावती नाही.
पैसे मी दिले होते.

ह्या पण टाइप कर, म्हणाले.
खाली नको. पयल्या नंबराक.

मग सगळी यादी एकेक घर खाली सरकली.
एकोणतिसावा तिसावा झाला.
यादी सरकली की मी प्रत्येक आकडा परत बघते,
धंद्याची सवय.
कर्सर त्या एकापाशी आला
आणि तिथेच लुकलुकत राहिला.

मशीन गरम व्हायला दोन मिनिटं लागतात.
फादर भिंतीवरची पाटी वाचत होते,
पहिल्यांदाच बघितल्यासारखी.
किती प्रती? मी विचारलं.
पाच, म्हणाले. आणि एक तुका. ठेव.

ती खणात आहे, हप्त्यांच्या पावत्यांखाली.
तिसाव्या ओळीत काय आहे
ते घरात अजून कोणी विचारलेलं नाही.